एकदाही न वाजलेली गाणी

त्या कचेरीत तिला सगळे वैद्यबाई म्हणत. औषधपाण्याशी तिचा संबंध डोकेदुखीच्या गोळीपुरता. तिचं काम नकाशे काढायचं. रस्त्याखालून जाणारे पाण्याचे नळ, सांडपाण्याचे नळ, त्यांचे उतार, त्यांची झाकणं, जमिनीखाली कुठं किती खोल काय पुरलंय ते सगळं कॉम्प्युटरवर आखायचं. बावीस वर्षं ती हे करत होती, आणि एकही नळ तिने चुकीच्या उंचीवर काढला नव्हता. मग वैद्यबाई कशाला? तर ती माणसांची नाडी बघायची, आणि तीही मनगटावर नाही, गाण्यांच्या यादीत.

हे जरा उलगडून सांगायला हवं. कचेरीत चौदा माणसं. दिवसभर रेघा आणि आकडे, बोलायचं काम फारसं नाही, म्हणून जो तो हेडफोन लावून गाणी ऐकत बसायचा. साहेबांची हरकत नव्हती. सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले, आणि गाणी वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय होती की एकाने साठवलेली गाणी दुसऱ्याला दिसावीत, हवं तर ऐकताही यावीत. सगळ्यांनी आपापल्या याद्या उघड्या ठेवलेल्या. नुसती गाण्यांची नावं नाहीत, तर कुठलं गाणं किती वेळा वाजलं, शेवटचं कधी वाजलं, तेही बाजूच्या रकान्यात आपोआप नोंदलं जायचं. बाकीच्यांचं त्या रकान्यांकडे लक्षही नसे. वैद्यबाई आधी तेच बघायची.

आणि काय सांगू, बाईचं अचूक निघायचं! दारापाशी बसणाऱ्या मुलीच्या यादीत सगळी नाचाची धांगडधिंगा गाणी, पण दर मंगळवारी दुपारी एक रडकं गाणं सहासहा वेळा वाजलेलं. वैद्यबाई म्हणाली, "हिचं कुठंतरी जुळलंय, आणि ते काही टिकत नाही." दोन महिन्यांत त्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. नकाशे छापायच्या मोठ्या यंत्रावर बसणारा तो प्लॉटरवाला, कचेरीचा विदूषक, त्याच्या यादीत स्वतःचं एक गाणं नव्हतं, सगळी इकडूनतिकडून उचललेली. "याला स्वतःचं मत नाही, पण पोटात पाप नाही," असं तिने त्याच्या तोंडावर सांगितलं आणि तो खूश होऊन चार दिवस तेच सांगत फिरला. साहेबांच्या यादीत यशस्वी कसं व्हावं यावरची भाषणं होती, शून्य-शून्य वेळा ऐकलेली, आणि खाली तळाशी लहान मुलांची बडबडगीतं, शंभराच्या वर वेळा वाजलेली. साहेबांची बायको मुलांना घेऊन दुसऱ्या गावी राहते, हे तिला ठाऊक होतं. ते मात्र तिने कुणाजवळ काढलं नाही. एवढी जाण तिला होती.

ही खोड तिला लागली कशी, तेही सांगतो. लग्नाआधी तिचा नवरा म्हणायचा, तुझ्या आवडीची गाणी तीच माझ्या आवडीची. तिनं गुणगुणावं आणि त्यानं मान डोलवावी. लग्नानंतर तीन वर्षांनी तो निघून गेला, आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर मागे टाकून गेला. तिने तो उघडून बघितला. हजारभर गाणी होती, पण तिच्या आवडीचं त्यात एक नव्हतं. ती त्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिली, आणि उठली ती एकच गोष्ट मनात धरून: माणूस तोंडाने वाटेल ते बोलेल, पण एकटा असताना तो काय ऐकतो तिथं त्याला थापा मारता येत नाहीत. तेव्हापासून ती थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे राहते. अक्का म्हणायची, "अगं, दुसऱ्यांच्या याद्या उकरतेस, तुझी का बंद ठेवतेस?" त्यावर वैद्यबाई पाणी प्यायला उठून जायची.

मग कचेरीत घुम्या आला.

हे नाव प्लॉटरवाल्याने पहिल्याच आठवड्यात ठेवलं. चाळिशीचा, काटकुळा, शर्टाचं वरचं बटणही लावणारा माणूस. तीन महिने कच्चा, काम पसंत पडलं तर पक्का, असं बोलणं झालेलं. आधीची नोकरी गेल्यावर आठ महिने घरी बसून होता, घरात बायको आणि दोन मुली, त्यामुळे हे तीन महिने त्याच्यासाठी जीवनमरणाचे होते, हे सगळ्यांना माहीत होतं. पहिल्याच दिवशी त्याने भिंतीला पाठ येईल अशी कोपऱ्यातली जागा मागून घेतली. मोठे काळे हेडफोन कानावर चढवले आणि कामाला लागला. आणि काम म्हणजे काम! वैद्यबाईने त्याचा पहिला नकाशा तपासला तेव्हा तिची तांबडी पेन्सिल तशीच राहिली. एक खूण करायला जागा नव्हती.

बोलायचा मात्र मोजकं, खालच्या एकसुरी आवाजात. फोन घ्यायचा नाही, "मला लिहून पाठवा" म्हणायचा. समोर उभं राहून विचारलं तर नीट उत्तर द्यायचा, टक लावून तोंडाकडे बघत. पाठीमागून किंवा बाजूने हाक मारली तर ढिम्म. पण त्याचं कुणाला वाईट वाटत नसे. "गाण्यात बुडालाय," असं म्हणून लोक त्याच्या समोर जाऊन हात हलवायचे, की तो दचकून हेडफोन काढायचा, ओशाळं हसायचा. चाललं होतं सगळं ठीक.

दुसरा महिना संपत आला तेव्हा चहाच्या वेळी प्लॉटरवाला म्हणाला, "वैद्यबाई, घुम्याची नाडी बघा की एकदा. दिवसभर ऐकतो तरी काय?"

तिने बघितली. आधी तिला आनंदच झाला. चौदाशे गाणी, आणि काय निवड! जुनी, नवी, सारंगीचे तुकडे, बायकांच्या आवाजातली अंगाईसारखी गाणी, मध्येच एखादं खट्याळ. कुणीतरी एकेक पारखून घेतलेलं. तिला वाटलं, बावीस वर्षांत या कचेरीत पहिल्यांदा कुणी दर्दी माणूस आला. मग तिची नजर बाजूच्या रकान्याकडे गेली.

शून्य. खाली शून्य. त्याच्याखाली शून्य. ती यादीच्या टोकापर्यंत गेली. चौदाशेच्या चौदाशे गाण्यांपुढे शून्य.

तिला वाटलं, प्रोग्रॅम बिघडला असेल. तिने आठवडाभर रोज बघितलं. सकाळी शून्य, संध्याकाळी शून्य, आणि मध्ये आठ तास तो गडी हेडफोन लावून समोर बसलेला. पाचव्या दिवशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला तो मागे टाकलेला कॉम्प्युटर आठवला, ती खुर्ची आठवली. दुसऱ्याला दाखवायला म्हणून आवड मांडून ठेवायची आणि आत काहीच नाही! असल्या माणसाने एकदा तिचं आयुष्य नासवलं होतं. तिला घुम्याचा राग आला, खराखुरा, त्या बिचाऱ्याने तिचं काही वाकडं केलं नसताना.

"सोंगाड्या आहे," ती दुसऱ्या दिवशी चहाला सगळ्यांदेखत म्हणाली. घुम्या चहाला येत नसे. "एक गाणं ऐकलेलं नाही आजवर. चौदाशे गाणी भरून ठेवलीत ती आपण बघावीत म्हणून. रिकामे हेडफोन लावून बसतो."

लोक हसले. प्लॉटरवाला एकटा हसायचा थांबला. "थांबा थांबा," तो म्हणाला, "म्हणजे कानात काही वाजतच नसतं?"

"नाहीच."

"मग आपण हाका मारतो, त्या त्याला ऐकू येतात?"

"येणारच की," वैद्यबाई म्हणाली. "न यायला काय झालं?"

अहो, एवढंच बोलली ती! पण त्या दिवसापासून त्या माणसाचं सगळं फिरलं. काल जो गाण्यात बुडालेला होता तो आज माजलेला ठरला. लोक त्याला मुद्दाम मागून हाका मारायला लागले. आधी हळू, मग मोठ्याने, मग वेडंवाकडं बोलून. घुम्या मान खाली घालून रेघ ओढत राहायचा. "काय कातडी आहे!" प्लॉटरवाला म्हणायचा. "शिव्या घातल्या तरी पापणी हलत नाही." समोर जाऊन हात हलवायचं सगळ्यांनी बंद केलं. त्याचं काय अडलंय, ऐकू तर येतंय. मग त्याला निरोप कळेनात, बैठकीची वेळ कळेना, बदललेली मापं कळेनात. दोनदा तो बैठकीला अर्ध्यात पोचला आणि काय झालं ते कळायला एकेकाच्या तोंडाकडे बघत बसला. साहेबांनी एकदा त्याला जिन्यात मागून तीन हाका मारल्या. तो सरळ खाली उतरून गेला. साहेब तिथंच उभे.

तिसरा महिना सरताना साहेबांनी वैद्यबाईला आत बोलावलं. "बाई, तुमचं काय म्हणणं? पक्का करू का याला?"

इथं तिला गप्प बसता आलं असतं. नुसतं "काम चांगलं आहे" म्हणून उठता आलं असतं. पण बावीस वर्षांचा मान होता ना! "काम उत्तम," ती म्हणाली. "नाव ठेवायला जागा नाही. पण माणूस खरा नाही, साहेब."

दुसऱ्या दिवशी घुम्याच्या टेबलावर चिठ्ठी होती. महिनाअखेर शेवटचा दिवस.

त्यानंतर तीन दिवसांनी वैद्यबाई एक मोठा नकाशा छापून घ्यायला यंत्राच्या खोलीत गेली. प्लॉटरवाला जेवायला गेलेला. घुम्या दाराकडे पाठ करून यंत्रापाशी उभा होता, आणि त्याने आपला उजवा तळहात यंत्राच्या झाकणावर सपाट ठेवला होता. कागद सरकत होता, यंत्र थरथरत होतं. मध्येच कागद अडकला. यंत्र कर्कश्श ओरडायला लागलं, असं की शेजारच्या खोलीतून कुणीतरी "अरे, बंद करा ते!" म्हणून ओरडलं. घुम्या तसाच उभा. यंत्राचं ओरडणं चालू, आणि हा खिडकीबाहेर बघतोय. थोड्या वेळाने हाताखालची थरथर थांबल्याचं त्याला जाणवलं, तेव्हा तो खाली वाकला, तांबडा दिवा बघितला, आणि घाईघाईने कागद मोकळा करायला लागला.

ती त्याच्यापासून चार पावलांवर होती. तिने त्याला नावाने हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग तिने हातातली पोलादी पट्टी फरशीवर टाकली. खणकन आवाज झाला. तो कागद सरळ करत होता.

ती वळसा घालून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने तिचा चेहरा बघितला, मग फरशीवर पडलेली पट्टी बघितली, आणि त्याला सगळं कळलं. त्याने आधी जाऊन दार लावलं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"डावा लहानपणीच गेला," तो म्हणाला. "उजवा गेल्या वर्षी. तोंड दिसलं की बरंचसं कळतं. तुमचं कळतं, साहेबांचं कळतं. मिशीवाल्यांचं कळत नाही."

"आणि ती गाणी? रकान्यात सगळी शून्यं दिसतात, एकही वाजलेलं नाही."

"बायकोची आहेत. तिनेच भरून दिली. म्हणाली, हेडफोन लावलेत की हाक ऐकली नाही तर लोक गाण्याला दोष देतात. यादी रिकामी दिसायला नको. किती वेळा वाजलं ते मोजतात, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं."

"अहो, मग नुसती लावून ठेवायची होती! कोण बघायला येणार होतं?"

"आवाज किती मोठा आहे ते मला कसं कळणार, बाई?" तो शांतपणे म्हणाला. "बाहेर ऐकू जात असेल तर? बंद ठेवणं बरं वाटलं."

वैद्यबाई स्टुलावर बसली. तिला रडू फुटलं, आणि तिने ते लपवलंही नाही. "मी आत्ता साहेबांकडे जाते," ती म्हणाली. "माझ्यामुळं झालं हे. मी सांगते त्यांना, हा माणूस उद्धट नाही, याला ऐकू येत नाही."

"नको." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला, आणि किती चढला ते त्याला कळलं नाही. "आधीच्या ठिकाणी खरं सांगितलं होतं. सगळ्यांना फार वाईट वाटलं. खांद्यावर हात ठेवले. निरोप देताना डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पुढं आठ महिने जिथं जिथं गेलो तिथं माझ्याआधी ती गोष्ट पोचलेली. उद्धट म्हणून काढलेल्या माणसाला दुसरीकडे उभं करतात, बाई. म्हणतात, स्वभाव जरा तिरसट आहे, पण हात चांगला आहे. बहिऱ्याला उभंसुद्धा करत नाहीत."

"पण लोक तुम्हाला काय काय म्हणतात..."

"मला कुठं ऐकू येतं," तो म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे बघत, "तुम्ही एकदा बोललात, तेवढं पुरे झालं. आता बोलू नका. माझ्या मुलींची शपथ आहे तुम्हाला."

तरी ती गेली. शपथ मोडायला नाही, पण आपलं म्हणणं मागं घ्यायला. "साहेब, माझं चुकलं," ती म्हणाली. "त्या माणसाबद्दल मी बोलले ते बरोबर नव्हतं."

साहेबांनी मान वर केली. "का? काय नवीन कळलं?"

काय सांगणार? तोंडाशी आलेला शब्दन् शब्द तिने गिळला. "असंच. मला वाटतं, त्याला ठेवावं."

साहेब हसले, चांगल्या मनाने हसले. "बाई, जायची वेळ आली की तुमचं मन मऊ होतं. तुमचं निदान अचूक होतं. जिन्यात मी स्वतः अनुभव घेतलाय." आणि त्यांनी समोरचा कागद ओढून घेतला.

घरी अक्काने दोनदा विचारलं, जेवत का नाहीस. तिलाही सांगता येईना. त्या आठवड्यात वैद्यबाईने कुणाची यादी उघडली नाही. तिने आयुष्यात पहिल्यांदा एक सांडपाण्याचा नळ उलट्या उताराचा काढला, आणि तो घुम्याने तपासणीत पकडून, गुपचूप दुरुस्त करून परत पाठवला. त्याच्या हातचं ते तिथलं शेवटचं काम.

शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता तो टेबल आवरत होता. प्लॉटरवाला हसत हसत त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याला मिशी होती.

"मंडळी, या!" त्याने सगळ्यांना बोलावलं. "चौदाशे गाणी उपाशी ठेवून चाललाय गडी. जाता जाता एक तरी ऐकवू या त्याला!" आणि त्याने घुम्याला खांदे धरून खुर्चीत बसवलं, ते काळे हेडफोन त्याच्या कानांवर चढवले, यादीतलं एक गाणं लावलं, आणि आवाज शेवटपर्यंत वर नेला. हेडफोनमधून गाणं बाहेर सगळ्या खोलीला ऐकू येत होतं. कुणी म्हणालं, "अरे, कान फुटतील त्याचे." पण सगळे बघत उभे राहिले.

घुम्या खुर्चीत ताठ बसला होता. प्लॉटरवाला काय बोलला ते त्याला कळलं नव्हतं, पण काय चाललंय ते कळलं होतं. त्याने मान डोलवायला सुरुवात केली. चुकीची. गाणं संथ होतं आणि तो भरभर डोलत होता. एकदोघांनी एकमेकांकडे बघितलं. आणखी अर्ध्या मिनिटात कुणाच्या तरी डोक्यात लख्ख प्रकाश पडला असता, आणि पुढच्या नोकरीआधी ती गोष्ट पोचली असती.

वैद्यबाई लोकांमधून वाट काढून पुढे आली. त्याला दिसेल अशी समोर उभी राहिली आणि मांडीवर बोटांनी ताल धरला. त्याने ते बघितलं. त्याची मान हळू झाली, तिच्या बोटांबरोबर चालायला लागली. ती ओठ हलवून शब्दही म्हणायला लागली. तिला ते गाणं पाठ होतं, तिच्या स्वतःच्या बंद यादीत ते होतं. चार मिनिटं ती त्याच्यासमोर तशी उभी होती. लोक हसत होते. "बघा, वैद्यबाई शेवटचं औषध पाजतायत!" कुणीतरी म्हणालं. गाणं संपलं तेव्हा तिने हात खाली सोडला. त्याने हेडफोन काढले, नीट गुंडाळले, पिशवीत ठेवले.

"छान आहे," तो म्हणाला. सगळ्यांना नमस्कार केला आणि गेला.

दार लागल्यावर प्लॉटरवाल्याने डोक्याला हात लावला. "एवढा आवाज, माझे कान लांबून दुखले," तो म्हणाला, "आणि हा बसलाय जसं काही झालंच नाही! माणूस आहे की दगड? वैद्यबाई, मानलं तुम्हाला. पहिल्या दिवसापासून तुम्ही बरोबर ओळखलंत."

सगळे तिच्याकडे बघत होते. ती काय म्हणते याची वाट बघत होते, नेहमीसारखी.

"हो," वैद्यबाई म्हणाली. "मेला निगरगट्टच होता."